अभियांत्रिकीचा प्रवेश : नाव विद्यापीठाचे, शिक्षण कोणाचे?

जून-जुलै महिना उजाडला की महाराष्ट्रातील हजारो मध्यमवर्गीय घरांत एकच विषय जेवणाच्या ताटापासून रात्रीच्या झोपेपर्यंत पुरतो. सामायिक प्रवेश परीक्षेचा निकाल लागलेला असतो, शतमानाचा आकडा हाती आलेला असतो आणि पसंतीक्रमाचा अर्ज भरण्याची मुदत डोक्यावर येऊन ठेपलेली असते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एखाद्या माध्यमिक शिक्षकाचे घर आपण डोळ्यांपुढे आणू. मुलीला गुण बरे मिळाले आहेत, पण अत्युच्च नाहीत. पुण्याच्या परिसरातील एक खासगी विद्यापीठ तिला संगणकशाखा देऊ करते. जवळच्या शहरातील जुन्या शासकीय महाविद्यालयात विद्युतशाखा मिळू शकेल असा अंदाज आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचे एक विनाअनुदानित महाविद्यालय नुकतेच स्वायत्त झाले आहे आणि तेथे संगणकाचीच जागा मिळण्यासारखी आहे. शेजारी एक सांगतात, मेहुणे दुसरे सांगतात, शिकवणी वर्गाचे चालक तिसरेच सुचवितात. निर्णय मात्र चार-सहा दिवसांत करावयाचा असतो आणि त्याचे परिणाम चार वर्षे, कर्ज काढले तर त्याहूनही पुष्कळ अधिक काळ, भोगावयाचे असतात.

या गडबडीत जो प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो तो असा की, “विद्यापीठ कोणते चांगले?” प्रश्न स्वाभाविक आहे. पण तो अपुरा आहे, आणि अपुऱ्या प्रश्नाचे उत्तर कितीही काळजीपूर्वक शोधले तरी ते अपुरेच राहणार. आपल्याकडे पदवीवर नाव एकाचे असते आणि शिकविणारे हात दुसऱ्याचे असतात. ही गोष्ट नीट उमगल्याखेरीज निवडीला आरंभच होत नाही.

इमारत तीच, विद्यापीठे तीन

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. १८५४ साली बांधकाम खात्यासाठी हाताखालचे कर्मचारी तयार करावेत या हेतूने पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, तेव्हा मुंबई विद्यापीठाची स्थापनाही झाली नव्हती. ते विद्यापीठ १८५७ चे. पुढे हा वर्ग महाविद्यालय झाला आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाला. म्हैसूर संस्थानातून आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथे शिकले. त्यांची पात्रता मुंबई विद्यापीठाची. पण त्यांचे शिक्षण कोठे झाले असे विचारल्यास कोणीही पुण्याचेच नाव घेईल. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि महाविद्यालयाची संलग्नता तिकडे गेली. २०२२ साली तर हे महाविद्यालय स्वतःच एक तंत्रशास्त्र विद्यापीठ बनले. जागा तीच, परंपरा तीच. पदवीपत्रावरील विद्यापीठ मात्र दोनदा पालटले.

कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली सुरू झाले तेव्हा कोल्हापूरला विद्यापीठच नव्हते. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये आले. नागपूरचे प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयही १९६० चेच. विश्वेश्वरय्यांचे नाव धारण केलेली ही संस्था २००२ साली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाली आणि स्वतः पदवी देऊ लागली. लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ प्रथम आपल्याच आवारापुरते होते. २०१४ च्या कायद्याने त्याला राज्यभरची महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला आणि पुढे कित्येक महाविद्यालयांनी आपले जुने विद्यापीठ सोडून लोणेऱ्याचा रस्ता धरला. ज्या महाविद्यालयाने असे स्थलांतर केले, त्याच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी एकही यंत्र वाढले नाही की एकही अध्यापक बदलला नाही. बदलली ती परीक्षा, अभ्यासक्रम आणि पदवीवरची मुद्रा.

याचा अर्थ विद्यापीठाला महत्त्व नाही असा नव्हे. महत्त्व कोठे आहे हे ओळखले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

चार प्रकारच्या संस्था

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास अनुमती मिळाली. तोवर इथला मुलगा जागेअभावी कर्नाटकात जाऊन शिकत असे. त्या निर्णयाने दारे उघडली आणि बाजारही उघडला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आज पालकांपुढे ज्या संस्था उभ्या आहेत, त्यांची स्थूलमानाने चार प्रकारांत विभागणी करता येईल.

पहिला प्रकार संलग्न महाविद्यालयांचा. येथे अभ्यासक्रम विद्यापीठ ठरविते, प्रश्नपत्रिका विद्यापीठ काढते, उत्तरपत्रिका बाहेरचे परीक्षक तपासतात. याचा लाभ असा की दुर्बळ महाविद्यालयातील हुशार विद्यार्थ्यालाही एका सामायिक कसोटीवर आपली योग्यता सिद्ध करता येते. तोटा असा की शेकडो महाविद्यालयांना एकाच गतीने चालावे लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा अभियांत्रिकीचा आराखडा २०१५, २०१९ आणि २०२४ असा टप्प्याटप्प्याने बदलत आला आहे. मधल्या काळात विषय कितीही पुढे गेला तरी वर्गाला थांबावेच लागते. शिवाय विद्यापीठाचा कारभार बिघडला की त्याची झळ निरपराध विद्यार्थ्याला बसते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली तेव्हा निकाल महिनोन् महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. पुढील शिक्षणासाठी निघालेल्या मुलांचे त्यात किती नुकसान झाले याचा हिशेब कोणत्याही अहवालात मावणार नाही.

दुसरा प्रकार स्वायत्त महाविद्यालयांचा. पदवी विद्यापीठाचीच, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालयाची स्वतःची. चांगल्या अध्यापकांच्या हाती ही स्वायत्तता वरदान ठरते. मुंबईची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था किंवा सांगलीचे वालचंद महाविद्यालय यांच्यासारख्या जुन्या संस्थांनी तिचा उपयोग करून घेतला आहे. मात्र जेथे शिकविणारा, प्रश्न काढणारा आणि तपासणारा एकच, तेथे गुणांची उधळण करण्याचा मोह फार असतो. बाहेरची कसोटी गेली की आतली कसोटी कडक असावी लागते. ती आहे की नाही हे नामफलकावरून समजत नाही.

तिसरा प्रकार स्वतःच पदवी देणाऱ्या शासकीय संस्थांचा. त्यांच्याविषयी शंका थोड्या, पण जागाही थोड्या. चौथा प्रकार अभिमत आणि खासगी विद्यापीठांचा. यांत उत्तम संस्था आहेत आणि केवळ जाहिरातीवर उभ्या असलेल्या संस्थाही आहेत. “विद्यापीठ” हा शब्द दोघींच्याही दारावर सारख्याच आकाराच्या अक्षरांत लिहिलेला असतो, आणि घोटाळा होतो तो नेमका येथेच. संलग्न महाविद्यालयापेक्षा विद्यापीठ मोठे, असा आपल्या मनाचा जुना संस्कार आहे. तो विद्यापीठे मोजकी होती त्या काळचा आहे.

पैशाचा हिशेब

शिक्षणाच्या गोष्टीत पैशाचे नाव काढणे आपल्याला थोडे हलके वाटते. पण पगारावर जगणाऱ्या कुटुंबाने हा हिशेब आधी मांडला नाही तर तो नंतर मांडावाच लागतो, आणि तो अधिक कडू असतो.

विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यान्वये नेमलेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. खासगी विद्यापीठांचा कारभार त्यांच्या स्वतंत्र कायद्यांखाली चालतो. याहून महत्त्वाचा भेद सवलतींचा आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे अशा आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासनाकडून मिळते. पूर्वी ते निम्मे मिळत असे. मात्र हा लाभ केंद्रीभूत प्रक्रियेतून शासकीय, अनुदानित वा विनाअनुदानित महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्या मुलींनाच आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांत तो नाही. व्यवस्थापनाच्या वाट्याच्या जागेलाही नाही. आपल्या शिक्षकाच्या मुलीने खासगी विद्यापीठ पत्करले, तर हा हक्क एका सहीसरशी संपतो. कित्येक पालकांना ही गोष्ट प्रवेश पक्का झाल्यावर समजते.

दोन पर्यायांच्या शुल्कात वर्षाला दोन लाखांचा फरक आहे असे क्षणभर धरू. चार वर्षांत तो आठ लाख होतो. ही रक्कम दरसाल दहा टक्के व्याजाने काढून दहा वर्षांत फेडावयाची म्हटली तर महिन्याचा हप्ता साडेदहा हजारांच्या घरात जातो आणि एकूण परतफेड साडेबारा लाखांवर जाते. शिवाय शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज साचतच असते. मुलगी बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा तिच्या पहिल्या पगारातला मोठा भाग अगोदरच गहाण पडलेला असेल. मग आवडीचे पण कमी पगाराचे काम, पुढील शिक्षण, स्पर्धा परीक्षेसाठी एखादे वर्ष काढणे, हे सारे पर्याय तिच्यापुरते मिटतात. जास्त शुल्क भरणे नेहमीच चूक असते असे नाही. पण त्या जादा रकमेने काय विकत घेतले, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

जाहिरातीतले आकडे

याचे उत्तर संस्था एका शब्दात देतात, ‘प्लेसमेंट’. रस्त्याकडेच्या भल्यामोठ्या फलकांवर हसऱ्या मुलांची छायाचित्रे आणि लाखांचे आकडे झळकतात. यात बहुधा खोटे काही नसते; फक्त सांगितलेले थोडे आणि झाकलेले फार असते. दहा मुलांपैकी नऊ जणांना वार्षिक चार लाख आणि एकाला चव्वेचाळीस लाख मिळाले, तर सर्वोच्च वेतन चव्वेचाळीस लाख आणि सरासरी आठ लाख. दोन्ही आकडे खरे. पण दहापैकी नऊ जणांच्या वाट्याला त्या सरासरीच्या निम्मेच आले आहे. गणिताच्या शिक्षकांना सांगावयास नको की येथे सरासरी नव्हे, मध्यक विचारावयास हवा. आणि तो विचारताना नोकरी न मिळालेले किती, हेही विचारावयास हवे.

ही माहिती मिळणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय संस्थात्मक मानांकनासाठी, म्हणजे ज्याच्या याद्या २०१६ पासून प्रसिद्ध होतात त्या ‘एनआयआरएफ’साठी, प्रत्येक सहभागी संस्था आपली माहिती सादर करते आणि ती सर्वांना पाहता येते. किती विद्यार्थी दाखल झाले, किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांच्या वेतनाचा मध्यक काय, किती जण उच्च शिक्षणाला गेले, हे सारे त्यात असते. आकडे संस्थेनेच दिलेले असतात हे ध्यानात ठेवावे. तरीही फलकापेक्षा ते पुष्कळ बोलके असतात. यादीतील क्रमांकाला मात्र वेद मानू नये. त्यातील शंभरपैकी तीस गुण संशोधनाला आणि दहा गुण लोकांच्या मनातील प्रतिमेला आहेत. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला बलविज्ञान कोण आणि कसे शिकवितो, हे त्यावरून कळत नाही.

मानांकनाच्या शिक्क्यांतही एक भेद आहे. ‘नॅक’ची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, तर ‘एनबीए’ची अधिस्वीकृती एकेका शाखेला आणि ठरावीक मुदतीसाठी मिळते. महाविद्यालयाच्या यंत्रशाखेला ती आहे म्हणून त्याच्या संगणकशाखेलाही ती असेलच असे नव्हे. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. त्यामुळे परदेशी मान्यतेची सोय झाली; परंतु ती स्वायत्त संस्था आणि विद्यापीठे ज्या पहिल्या वर्गात मोडतात, त्यांतील अधिस्वीकृत अभ्यासक्रमांपुरती आहे. मुलाला पुढे परदेशी पाठविण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी ही बाब माहितीपुस्तिकेवर न सोडता स्वतः पडताळून घ्यावी.

शाखा की संस्था?

आता शाखेचा प्रश्न. संगणक आणि त्याच्या नव्या नव्या उपशाखा यांच्याकडे सध्या जो लोंढा वाहतो आहे, त्याला पालक एकटे जबाबदार नाहीत. गेल्या दोन पिढ्यांत मध्यमवर्गाचा उत्कर्ष त्याच मार्गाने झालेला सर्वांनी पाहिला आहे. परंतु अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून सक्षम संस्थांवरील प्रवेशक्षमतेची मर्यादा काढून टाकल्यावर या शाखांच्या तुकड्या वाढविण्याची वाट मोकळी झाली. साठ विद्यार्थ्यांच्या पाच तुकड्या म्हणजे एका वर्षाला तीनशे आणि चार वर्षांचे मिळून बाराशे. परिषदेच्याच निकषानुसार वीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक हवा. म्हणजे या एका शाखेला साठ अध्यापक हवेत. ज्या विषयातील चांगल्या पदवीधराला उद्योगात दुप्पट-तिप्पट वेतन मिळते, त्या विषयाचे साठ जाणते अध्यापक एका महाविद्यालयाने कोठून आणावेत? हा प्रश्न पालकाने प्रवेशाच्या खिडकीपाशी जरूर विचारावा.

याउलट जुन्या महाविद्यालयांतील विद्युत, यंत्र वा स्थापत्य शाखांत अनुभवी अध्यापक आणि वापरून घासलेल्या, पण चालू प्रयोगशाळा असतात आणि मागणी मात्र ओसरलेली असते. मुलीचा ओढा खरोखर संगणकाकडे असेल तर तिला विद्युतशाखेत कोंडणे हा अन्याय होईल. पण तो ओढा तिचा आहे की शेजाऱ्यांचा, हे निदान एकदा शांतपणे विचारले पाहिजे. पसंतीक्रमाचा अर्ज भरताना याचे भान विशेष हवे. कारण पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती स्वीकारणे भाग असते, पुढील फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. “आधी हे लिहू, मग पाहू” असे म्हणून लिहिलेला पहिला क्रमांक पुष्कळदा आयुष्यभराचा ठरतो.

एक दिवस काढावा

मग निवड करावी तरी कशी? माझ्या मते आकड्यांचा अभ्यास झाल्यावर, उरलेल्या दोन-तीन पर्यायांसाठी पालकांनी आणि मुलांनी मिळून एकेक दिवस काढावा आणि ती संस्था कामाच्या वेळी पाहून यावी. स्वागतकक्ष पाहू नये. तो सर्वत्र सारखाच चकचकीत असतो. कार्यशाळेत जावे आणि यंत्रांवर धूळ आहे की तेलाचे डाग आहेत ते पाहावे. ग्रंथालय सायंकाळी किती वाजता बंद होते ते विचारावे. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारावे की गेल्या सत्रात एका विषयाला किती अध्यापक बदलले, प्रात्यक्षिके प्रत्यक्ष झाली की वह्या उतरविल्या गेल्या, कठीण विषयात नापास झालेल्या मुलाकडे कोणी लक्ष दिले काय. विभागातील अध्यापक कायम किती आणि तासिका तत्त्वावर किती, हेही विचारावे. मुलगी असेल तर वसतिगृहाची जागा निश्चित मिळणार की बाहेर खोली शोधावी लागणार, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. घरापासूनच्या अंतराची भीती बहुतेक वेळा अंतराची नसते, या अनिश्चिततेची असते. एवढ्या प्रश्नांची सरळ उत्तरे जी संस्था देते तिच्यात दोष असले तरी ते झाकण्याची वृत्ती नाही, असे समजावयास हरकत नाही.

अर्थात सारा भार पालकांवर टाकून शासनाने आणि विद्यापीठांनी मोकळे होणे बरोबर नाही. गडचिरोलीच्या वा नंदुरबारच्या पालकाला पुण्याला येऊन कार्यशाळा पाहणे परवडणारे नाही. जी माहिती आज निरनिराळ्या संकेतस्थळांवर आणि इंग्रजी तक्त्यांत विखुरलेली आहे, ती प्रत्येक शाखेसाठी एका पानावर, मराठीत, पसंतीक्रमाच्या अर्जासोबतच देणे प्रवेश यंत्रणेला मुळीच अशक्य नाही. एकूण शुल्क, लागू असलेल्या सवलती, कायम अध्यापकांची संख्या, वेळेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण, वेतनाचा मध्यक, त्या शाखेच्या अधिस्वीकृतीची मुदत, एवढ्या सहा बाबी पुरेत. किराणा मालाच्या पुडक्यावर वजन आणि किंमत छापण्याची सक्ती आपण करतो. चार वर्षांच्या शिक्षणावर ती नसावी, हे विपरीत आहे. आणि ज्या शासकीय महाविद्यालयांनी या राज्याला पूल, धरणे आणि वीजकेंद्रे उभारणारी माणसे दिली, तेथील अध्यापकांची पदे रिक्त ठेवून विद्यार्थ्यांना विद्यापीठांच्या बाजारात लोटणे, हे तर त्याहून विपरीत आहे.

आपल्या त्या शिक्षकाच्या घरी अखेर कोणता निर्णय व्हावा, हे बाहेरच्या कोणी सांगू नये. शासकीय महाविद्यालयातील विद्युतशाखा, स्वायत्त महाविद्यालयातील संगणक किंवा खासगी विद्यापीठही. यांपैकी काहीही योग्य ठरू शकेल. मात्र निवड करताना तिला कोण शिकविणार, तिची परीक्षा कोण घेणार, पदवी हाती येईल तेव्हा घरावर किती कर्ज असेल आणि ज्या विषयासाठी हे सारे चालले आहे तो तिला हवा आहे काय, या चार प्रश्नांची उत्तरे घरात सर्वांसमोर बोलली गेलेली असावीत. आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलीनेच द्यावे.